तुम्ही विचारलंत म्हणून: तेलवाहू जहाजाची कूस मी कोरी का ठेवते

मी नौदलाच्या साहाय्यक जहाजांची पिक्सेल चित्रं काढते. तेल नेणारी, रसद पोचवणारी, दुरुस्तीची, रुग्णालयाची, अशी सगळी जहाजं बाजूने पाहिलेली आणि एकाच प्रमाणात: एक फूट म्हणजे दोन पिक्सेल. चित्रं बघणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. "विनाशिकेच्या अंगावर तीन-तीन छटा चढवता, मग एवढ्या मोठ्या तेलवाहू जहाजाची कूस, म्हणजे बाजू, कोरी का? शेडिंग राहून गेलंय का?"

राहून गेलेलं नाही. तो कोरा भाग मी विचार करून सोडते, आणि तो ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बाजूने काढलेल्या चित्रात जहाजाची रुंदी दिसत नाही. पत्रा कुठे बाहेर झुकलाय, कुठे आत वळलाय, हे सांगायला हातात फक्त छटा असते. उजेड वरून येतो असं धरते. मग उभ्या पत्र्याला मूळ रंग, आणि तोंड खाली करून झुकलेल्या पत्र्याला गडद. म्हणजे गडद छटा लावली की मी पाहणाऱ्याला सांगते, "इथे पत्रा झुकलेला आहे." तो झुकलेला नसेल, तर मी जहाजाचा आकार खोटा सांगितला.

तेलवाहू जहाज वेगासाठी नाही, पोटासाठी बांधतात. टाक्यांत जास्तीत जास्त तेल मावावं म्हणून मधल्या मोठ्या लांबीत त्याचा छेद, म्हणजे आडव्या कापाचा आकार, बदलतच नाही. बाजू उभ्या, तळ सपाट, पेटीसारखा. विनाशिकेचं अंग नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत सारखं बदलत जातं, म्हणून तिथे छटांना काम असतं. पेटीच्या उभ्या बाजूवर त्यांना काम नाही.

हे मला चुकूनच कळलं. सुरुवातीच्या काळात मी अमेरिकी नौदलाच्या सिमरॉन वर्गातलं तेलवाहू जहाज काढलं. लांबी 553 फूट, म्हणजे 1106 पिक्सेल. समोर एक जुना फोटो होता आणि त्यात कुशीच्या मधोमध एक लांब काळपट पट्टा दिसत होता. मी तो वळण समजून दोन छटांत रंगवला. चित्र छान गोलसर झालं आणि मला ते फार आवडलं. पुढे त्या जहाजाचे छेद मिळाले, तर बाजू तिथे सरळ उभी! जहाज रिकामं असल्यामुळे पाण्यातून वर आलेलं होतं, आणि तो पट्टा म्हणजे ओला, डागाळलेला रंग होता. मी डागाला आकार समजले होते. त्या दिवसापासून फोटोवरून छटा ठरवणं बंद केलं. फोटो रंगासाठी पाहते, सामानासाठी पाहते. आकारासाठी बॉडी प्लॅन.

बॉडी प्लॅन म्हणजे जहाजाचे पावासारखे काप करून ते एकावर एक ठेवलेला आराखडा. उजव्या अर्ध्यात पुढचे छेद, डाव्या अर्ध्यात मागचे. प्रत्येक छेदावर मी पाहते, की उभ्या रेषेपासून पत्रा कुठल्या उंचीवर दहा अंश झुकतो आणि कुठे पंचवीस. ते बिंदू चित्रात आपापल्या जागी टिंबांनी मांडायचे आणि जोडायचे. दहा अंशांची रेषा ही पहिल्या छटेची हद्द, पंचवीस अंशांची दुसरीची. हे आकडे माझ्या सोयीचे आहेत, तुम्ही वेगळे घेऊ शकता. पण एकदा घेतले की सगळ्या जहाजांना तेच ठेवा, नाहीतर दोन चित्रं शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

या रेषा जोडताना जहाज समजायला लागतं, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात प्रिय आहे. पुढे नाळेपाशी पत्रा डेककडे जाताना बाहेर पसरतो, म्हणून तिथे गडद छटा वर, डेकच्या कडेला लागून असते. नवखे लोक ती खाली पाण्याजवळ लावतात. पाण्याखालच्या लाल भागात उलटं. मधल्या लांबीत तळाकडचं वळण अगदी खाली असतं, म्हणून गडद लाल रंगाची एक बारीक पट्टी पुरते. मागे पंख्याकडे जाताना अंग निमुळतं होतं आणि तीच पट्टी हळूहळू वर चढू लागते. ती किती लवकर चढते यावरून जहाज किती भरीव आहे ते ओळखता येतं. पिक्सेलमध्ये वळणारी हद्द पायऱ्यापायऱ्यांनी बनते, आणि त्या पायऱ्यांची लांबीही क्रमाने घटली पाहिजे: सात पिक्सेल, पाच, चार, तीन, दोन. मध्येच एक पायरी लांब राहिली तर पत्र्याला पोचा पडल्यासारखा दिसतो.

छटा एकमेकींत मिसळाव्यात म्हणून अनेक जण ठिपक्यांची जाळी टाकतात. जहाजाच्या अंगावर मी ती कधीच टाकत नाही. या प्रमाणात एक पिक्सेल म्हणजे सहा इंच, आणि कुशीवर सहा इंचांचा काळा ठिपका दिसला की जाणकार त्याला भोक समजतो.

रंगकाम आणि सावली यांची गल्लत होऊ नये म्हणूनही जपावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाची मेझर 22 नावाची रंगयोजना होती. मुख्य डेकची कड जिथे सर्वात खाली येते त्या उंचीपर्यंत गडद निळा, त्याच्या वर फिकट करडा, आणि दोन्हींमधली रेषा क्षितिजाला समांतर. डेकची कड पुढे वर उचलली जाते, ही रेषा मात्र उचलली जात नाही. ती रंगाची हद्द आहे, आकाराची नव्हे. म्हणून दोन्ही रंगांना मी वेगवेगळ्या गडद छटा करून घेते आणि नाळेवरची सावली ती रेषा ओलांडून पुढे नेते.

याहून अवघड प्रकरण उलट्या सावलीचं. ॲबट थेयर हे अमेरिकी चित्रकार. प्राण्यांचं पोट फिकट असतं म्हणून त्यांची गोलाई लपते, हे त्यांनी मांडलं, आणि जहाजंही तशीच रंगवावीत यासाठी 1902 मध्ये एका सहकाऱ्यासोबत पेटंट घेतलं. अंगावर सावली पडणाऱ्या जागा पांढऱ्या रंगवायच्या, म्हणजे सावली पुसली जाते. असं रंगवलेलं जहाज काढताना मी पांढराही दाखवते आणि त्यावर छटाही देते. रंगाऱ्याने लपवलेला आकार मला उघडा करायचा असतो.

रुग्णालय जहाजांबद्दलही बरेच जण विचारतात. 1907 च्या हेग करारानुसार लष्करी रुग्णालय जहाज पांढरं आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा हिरवा पट्टा, म्हणजे माझ्या चित्रात दहा पिक्सेल. 1949 च्या जिनिव्हा करारात बाहेरचं सगळं अंग पांढरं आणि त्यावर गडद लाल क्रॉस आले. पांढऱ्यावर दोन छटा दिल्या की जहाज करडं दिसतं, आणि दुरून पाहणाऱ्याला ते युद्धनौकेसारखं वाटू नये यासाठीच तर तो रंग दिलेला असतो. म्हणून तिथे मी दहा अंशांची रेषा सोडून देते. फक्त पंचवीस अंशांपुढे, नाळेच्या वरच्या कोपऱ्यात आणि पिछाडीच्या पोटाखाली, एकच फिकट निळसर छटा लावते. हिरव्या पट्ट्यालाही तेवढ्याच जागी गडद हिरवा देते. बाकीची कूस पांढरी राहते.