पायताण काढायची जागा

माझं माहेर लोणंद-तरडगाव रस्त्यावरचं. ज्ञानोबांची पालखी दरवर्षी दारावरून जाते, आणि म्हणूनच आमच्या घरातल्या कुणी कधी वारी केली नाही. त्या दिवशी बायका पहाटे तीनपासून भाकऱ्या थापायच्या, पुरुष पाण्याच्या टँकरशी उभे असायचे, आणि आम्ही पोरं अंगणात टेकलेल्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावायचो. आजी म्हणायची, "आपणच चालाया लागलो तर त्यास्नी पाणी कोण देणार?" यावर कुणाकडे उत्तर नसायचं.

तर माझी पहिली वारी घडली ती गेल्या सप्टेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तीही इंग्लंडात. आम्ही लेस्टरला राहतो. शेजारच्या बाई सत्तरीच्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. नॉरफोकमधल्या वॉल्सिंगमला, मेरीच्या जुन्या तीर्थक्षेत्राला, पायी जायचं त्यांच्या मनात होतं, सोबतीला कुणी मिळत नव्हतं. "तुझा देव वेगळा असला तरी पाय तर आहेत ना?" म्हणाल्या. मी निघाले.

किंग्ज लिनपासून सुरुवात केली. हे जुनं बंदर. समुद्रमार्गे येणारे यात्रेकरू इथे उतरायचे. त्यांच्यासाठी १४८५च्या सुमारास बांधलेलं विटांचं अष्टकोनी देवघर आजही तिथल्या बागेत एका टेकाडावर उभं आहे. तिथून निघालो आणि पहिल्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या बुटांनी टाचेला फोड आणला. जन्मभर दुसऱ्यांच्या फोडांना तेल लावलं, तेव्हा असं काही असतं याची कल्पना नव्हती. कॅसल एकरच्या मठाच्या पडक्या भिंतीपाशी बसून बाईंनी फोडावर पट्टी लावून दिली.

नॉरफोक सपाट आहे असं सगळे सांगतात. ते गाडीतून जाणाऱ्यांचं म्हणणं. पायी चालणाऱ्याला चढ बरोबर कळतो. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं, त्यांवर पिकून काळी पडलेली ब्लॅकबेरी, पलीकडे बीटाची शेतं. हे साखरेचं बीट. आमच्याकडे ऊस, इथे बीट, म्हणजे कारखान्याकडे जाणारी मालाने भरलेली वाहनं दोन्ही मुलखांत. घरं चकमकीच्या दगडाची. बाहेरून पांढुरका, फुटला की आतून काचेसारखा काळा. भिंतीत तो फुटका भाग बाहेर ठेवून बसवतात, पाऊस पडला की अख्खी भिंत चमकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ईस्ट बार्शम लागलं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५११ साली इथून वॉल्सिंगमपर्यंत अनवाणी चालत गेला असं सांगतात. (आज रस्त्यावरून दिसतो तो लाल विटांचा वाडा त्यानंतरचा.) त्या वर्षी एक जानेवारीला त्याला मुलगा झाला होता, त्याचा नवस. मूल दोन महिन्यांचंही झालं नाही. तरीही राजाच्या नावाची मेणबत्ती वॉल्सिंगमला पुढची कित्येक वर्षं जळत राहिली. पुढे याच राजाच्या हुकमाने तिथलं सगळं मोडलं गेलं.

बार्शमच्या पुढे हॉटन सेंट जाइल्स हे खेडं, आणि तिथे ती 'स्लिपर चॅपल'. बांधलेली १३४०च्या आसपास. इथे यात्रेकरू जोडे काढून ठेवायचे आणि उरलेला मैल अनवाणी जायचे. नावाचा अर्थ तोच, असं बहुतेक जण म्हणतात. जाणकार मात्र एका जुन्या इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवतात, ज्याचा अर्थ दोन जागांमधली वाट असा काहीसा आहे. मला विचाराल तर जोड्यांची गोष्ट सोडायला मी तयार नाही. आमच्याकडे पालखीत माउलींच्या पादुका असतात. इथे पायताण काढायलाच देऊळ बांधलंय.

यात्रा बंद पडल्यावर या चॅपलचे हाल झाले. कधी गरिबांचं घर, कधी लोहाराचं दुकान, कधी गोठा. शार्लट बॉइड नावाच्या बाईंनी १८९६ साली ती विकत घेतली आणि कॅथलिकांच्या हवाली केली. १९३४च्या ऑगस्टात दहा हजारांवर लोक इथे यात्रेला आले. आता शेजारी मोठं सभागृह आहे, चहाची खोली आहे. चहा देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तमिळ का?" जुलैत इथे तमिळ लोकांची मोठी यात्रा भरते, हजारो येतात, त्यांत हिंदूही असतात. "त्या दिवशी आमच्या गाड्या गावाबाहेर निघतच नाहीत," त्या म्हणाल्या. स्वरात तक्रार होती आणि थोडा तोराही होता. हा स्वर मी ओळखते. पालखीच्या दिवशी माझ्या काकाचा अगदी असाच असायचा.

मी बूट काढले, लेस एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले. बाई म्हणाल्या, त्यांना गुडघ्यामुळे जमणार नाही. वाटेचा काही भाग जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. हा मार्ग १८५७ साली सुरू झाला आणि १९६४ साली बंद पडला. खालची खडी बारीक. पहिली पन्नास पावलं लाजेत गेली, पुढची दोनशे शिव्या देण्यात. मग तळव्यांना ओली माती लागली आणि मी गप्प झाले. मैलभर चालायला पाऊण तास लागला.

गाव दिसलं तेव्हा वाटलं, एवढंसंच? नाव लिटल वॉल्सिंगम. गंमत अशी की शेजारचं ग्रेट वॉल्सिंगम याहून लहान आहे. सगळी वस्ती धरून हजाराच्या आत. आणि तरी एके काळी इंग्लंडात कँटरबरीच्या जोडीने नाव घ्यावं असं हे क्षेत्र होतं. आकाशगंगेलाही लोक 'वॉल्सिंगमची वाट' म्हणत.

आख्यायिका अशी, की १०६१ साली रिचेल्डिस नावाच्या इथल्या एका जमीनदारीणबाईंना दृष्टान्त झाला: मेरीचं नाझरेथमधलं घर इथे बांध. साल फार मागे ओढलंय, घर त्यानंतर पन्नास-पाऊणशे वर्षांनी उठलं असावं, असं इतिहासकार म्हणतात. घर उठलं हे मात्र खरं. भोवती मठ आला, राजे आले, सोनं आलं. इरॅस्मससारखा पंडित येऊन दिपला आणि नंतर त्याने इथल्या अवशेषांची, विशेषतः मेरीच्या दुधाच्या कुपीची, भरपूर थट्टाही केली. हाय स्ट्रीटवरच्या जुन्या लाकडी चौकटींच्या घरांतली कितीतरी त्या काळी यात्रेकरूंच्या खाणावळी नि धर्मशाळा होत्या. म्हणजे गाव यात्रेवर जगत होतं.

१५३७ साली मठ मोडणार अशी कुणकुण लागली आणि काही लोकांनी उठावाचा घाट घातला. अकरा जणांना मृत्युदंड झाला. त्यांतला उपमठाधिपती निकोलस माइलहॅम याला इथेच गावात मारलं. मठाधिपती शहाणा निघाला, त्याने १५३८ साली सही करून मठ सोडला. त्याला वर्षाला १०० पौंड पेन्शन. मेरीची मूर्ती लंडनला नेऊन जाळली. आणि मठाची जागा विकली गेली ९० पौंडांना. हे दोन आकडे मी तिथल्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा मनात मांडले. देवस्थानाची किंमत पुजाऱ्याच्या एका वर्षाच्या पेन्शनीपेक्षा दहा पौंडांनी कमी.

आज त्या मठाची पूर्वेकडची एकच उंच कमान उभी आहे, मोकळ्या हिरवळीवर, मधलं सगळं आभाळ. फेब्रुवारीत तिथे स्नोड्रॉप फुलांचे गालिचे पसरतात आणि लोक तिकीट काढून तेही बघायला येतात.

मग जवळपास चारशे वर्षं काहीच नाही. म्हणजे गाव होतं. कोर्ट भरायचं, तुरुंग होता, शुक्रवारच्या बाजाराचा चौक होता. १७८१ साली मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली येऊन प्रवचन करून गेला आणि काही वर्षांत मेथडिस्टांनी आपलं चॅपल बांधलं, तेही अजून चालू आहे. फक्त यात्रा नव्हती. ती परत आणली होप पॅटन या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, पाद्रीबाबांनी. १९२१ साली ते इथे रुजू झाले, दुसऱ्या वर्षी चर्चमध्ये मूर्ती बसवली, आणि बिशपनी नाक मुरडल्यावर १९३१ साली स्वतःच्या हिमतीवर वेगळं मंदिर उभारलं. पाया खणताना तिथे एक जुनी विहीर सापडली.

त्या विहिरीपाशी आम्ही दुपारी रांगेत उभ्या राहिलो. पाद्री ओगराळ्यातून घोटभर पाणी पाजतात, कपाळावर पाण्याने क्रूस काढतात, मग ओंजळीत पाणी ओततात. माझी पाळी आली. घोट घेतला, ओंजळीतलं पाणी कसं काय ते सवयीने डोळ्यांना लावलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पाद्री काही बोलले नाहीत. मागे वळून बघते तर माझ्या मागच्या गोऱ्या बाई तेच करत होत्या, आणि त्यांच्या मागचे आजोबाही. रांगेच्या शेवटापर्यंत सगळ्यांनी डोक्याला पाणी लावलं. शेजारच्या बाई हसू दाबत लाल झाल्या.

संध्याकाळी गावातून हिंडलो. चौकात जुना पाण्याचा पंप, त्याच्या टोकाला लोखंडी दिवटी. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचं छोटंसं देवघर, माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. मेच्या अखेरीस अँग्लिकनांची राष्ट्रीय यात्रा निघते, तेव्हा कट्टर प्रोटेस्टंट रस्त्याच्या कडेला फलक घेऊन 'मूर्तिपूजा' म्हणून ओरडतात. एका दारात झेंडूच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आजोबांना मी विचारलं, वर्षभर एवढी गर्दी, कंटाळा नाही येत? "येतो ना," ते म्हणाले. "नोव्हेंबरात बरं वाटतं. जानेवारी आला की रस्ता फार रिकामा दिसतो." माझ्या पायांकडे बघून आत गेले आणि बादलीभर कोमट पाणी घेऊन आले.

मी त्यांच्या पायरीवर बसून पाय धुतले. आयुष्यात पहिल्यांदा बादलीच्या या बाजूला.

रात्री गावी आत्याला फोन केला. तिने ना देवाचं विचारलं, ना राजाचं. म्हणाली, "किती माणसं उतरत्यात गं तिथं? आन् पाण्याची सोय कशी करत्यात?"