लाइपझिगमधलं पहिलं सत्र: ‘८९ साली तुमच्याकडे काय चाललं होतं?’

जर्मनीत लाइपझिगला शिकायला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी परदेशी विद्यार्थ्यांच्या तीन ओळख-मेळाव्यांना जाऊन आले. नाव काय, देश कोणता, विषय कोणता. वीसेक जणांना हेच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी एकाचंही नाव आठवेना. जाऊ नका असं म्हणत नाही, पण एखाद-दोघांना गाठून तिथून लवकर बाहेर पडा.

माझं नशीब उघडलं ९ ऑक्टोबरला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओळख झालेली जॉर्जियाची एक मुलगी, चिलीची एक, एक व्हिएतनामी मुलगा आणि मी, असे चौघं ‘दिव्यांचा कसलासा उत्सव आहे’ एवढ्याच माहितीवर गावात गेलो. ऑगस्टुसप्लाट्झ या चौकात लोक मेणबत्त्या लावून ‘८९’ हा आकडा रचत होते.

जवळच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेसाठी प्रार्थना होते. लाइपझिग तेव्हा साम्यवादी पूर्व जर्मनीत होतं आणि १९८९ मध्ये तिथूनच त्या राजवटीविरुद्ध मोर्चे निघू लागले. ९ ऑक्टोबरला सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावर उतरली. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकातल्या निदर्शनांवर सैन्याने गोळ्या चालवल्या होत्या, त्यामुळे इथेही गोळ्या चालणार असं अनेकांनी धरलंच होतं. चालल्या नाहीत. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

मी सहज विचारलं, “त्या साली तुमच्याकडे काय चाललं होतं?” जॉर्जियाची मैत्रीण जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “आमच्याकडे चालून आले.” त्याच वर्षी ९ एप्रिलला तिबिलिसीत सोव्हिएत सैन्याने निदर्शकांवर हल्ला केला, वीसेक जीव गेले. तिची आई त्या गर्दीत होती. चिलीत आदल्या वर्षीच सार्वमतात हुकूमशहा पिनोचेतला ‘नाही’ म्हणून झालं होतं. व्हिएतनामी मित्राचा मामा तर तेव्हा ह्याच पूर्व जर्मनीत, कारखान्यात कंत्राटी कामगार! बोलता बोलता दोन ट्राम सोडल्या आणि शेवटी चालतच घरी आलो.

पुढे दर रविवारी एक जागा ठरवायचो. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे सगळे मोकळे सापडतात. श्टाझीचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, जुनं कार्यालय ‘रुंडे एके’ आधी बघा. ४ डिसेंबर १९८९ ला नागरिकांनी ते ताब्यात घेतलं. लोकांची पत्रं वाफेवर उघडायची यंत्रं आत आहेत. पाट्या बऱ्याचशा जर्मनमध्ये, तेव्हा भाषा येणारा कुणीतरी सोबत हवा. विद्यापीठाची पाउलिनुम ही इमारत तर येता-जाता दिसतेच. तिथलं मध्ययुगीन चर्च महायुद्धातून वाचलं आणि ३० मे १९६८ ला सरकारनेच सुरुंग लावून पाडलं. नव्या इमारतीच्या दर्शनी भागात त्याचा आकार मुद्दाम वाकडा उमटवलाय. १८१३ च्या नेपोलियनच्या पराभवाचं ९१ मीटर उंच स्मारक पाहायचं तर पाहा. मला ते अंगावर आलं.

एक चूक मात्र करू नका. माझ्या टँडेम जोडीदाराच्या (ती मला जर्मन शिकवायची, मी तिला इंग्रजी) आजींना मी पहिल्याच भेटीत विचारलं, “तुमच्यावरही पाळत होती का?” आजी उठून खिडकी लावायला गेल्या. १९९२ पासून ज्याला त्याला श्टाझीने ठेवलेली स्वतःची फाइल मागून वाचता येते. आजींनी ती कधी मागितलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. असे प्रश्न समोरच्यानं विषय काढेपर्यंत ठेवून द्यावेत.

शक्य असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच या आणि ९ नोव्हेंबरची संध्याकाळ मोकळी ठेवा. १९३८ मध्ये त्या रात्री इथलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं. त्या जागी आता १४० रिकाम्या कांस्य खुर्च्या आहेत. शहरभर फुटपाथमध्ये तळहाताएवढे पितळी दगड बसवलेत. नाझींनी ओढून नेलेल्या माणसांच्या नावांचे, त्यांच्या घरांसमोर. त्या संध्याकाळी लोक ते घासून लख्ख करतात. आम्ही चौघंही गुडघे टेकून बसलो. एकजण नाव वाचायचा, दुसरा घासायचा. शेजारी एक अनोळखी बाई येऊन उभ्या राहिल्या आणि आमचे उच्चार सुधारत गेल्या. पुढे त्यांच्याकडे आम्ही किती वेळा जेवलो असू, मोजदाद नाही.

जाताना जुनं फडकं आणि पितळ घासायची पेस्ट न्या, हातमोजे विसरू नका. मेणबत्ती काचेच्या डबीतलीच घ्या, नोव्हेंबरात वारा फार असतो.