खालचा डी फुटतो

दुरुस्तीला आलेली टिन व्हिसल (उभी धरून वाजवायची पत्र्याची शिट्टी) डी सुरातली, फूटभर लांबीची. रॉबर्ट क्लार्क यांनी इंग्लंडमध्ये १८४३ साली जी घडण रूढ केली, तीच: गुंडाळलेल्या पत्र्याची, टोकाकडे निमुळती होत जाणारी नळी, मागे सांधा, पुढे सहा भोकं, तोंडात लाकडी ठोकळा. तक्रारी दोन. खालचा डी, म्हणजे सगळी भोकं बंद करून निघणारा सर्वांत खालचा सूर, हळू फुंकला तरी वरच्या सप्तकात उडी मारतो आणि सुरात हवेची फसफस फार येते.

दुसरी तक्रार मी बाजूला ठेवली. थोडी फसफस या घडणीत असायचीच. ती पुरती काढली तर आवाज प्लॅस्टिकच्या तोंडाच्या शिट्टीसारखा गुळगुळीत होतो.

डी फुटला, म्हणजे असा वर उडाला, की पहिला संशय बोटांवर: भोक नीट झाकलं नसेल. सहाही भोकांवर चिकटपट्टी लावून फुंकलं, तरी फुटला. मग नळीचं टोक बुचाने आणि खिडकी (तोंडाजवळचं, धारदार पात्यापुढचं उघडं भोक) अंगठ्याने बंद करून, सांध्यावर साबणाचं पाणी लावून फुंकलं. एकही बुडबुडा नाही. सांधा गळत असता तर लाख किंवा मेण भरलं असतं; डाग द्यायला (वितळत्या धातूने सांधायला) गेलं की आतला ठोकळा करपतो.

उजेडाकडे धरून फटीतून (ठोकळा आणि वरचा पत्रा यांमधल्या, फुंकर जाण्याच्या वाटेतून) पाहिलं तेव्हा उलगडा झाला. फटीचं छत उजवीकडे दबलेलं: डावीकडे १.२ मिलिमीटर, उजवीकडे जेमतेम ०.७. कमी फुंकरीत वाजावी म्हणून छत दाबतात, ते ठीकच. पण इथे पक्कड एकाच बाजूला चालली होती. शिवाय ठोकळा वाळून सैल झालेला आणि दीड मिलिमीटर आत सरकलेला. त्यामुळे खिडकी आखूड झाली. खिडकी आखूड म्हणजे फुंकर पात्यावर लवकर पोचते आणि सूर सहज वर उडतो. आडव्या बासरीत हे अंतर ओठ सांभाळतात, इथे ते ठोकळ्याच्या जागेवर ठरतं.

निमुळत्या टोकातून बारीक काठी घालून ठोकळा मागे ढकलला, कडा छताच्या कडेशी जुळवली. त्याच्या कुशींना पातळ मेण लावलं, वरच्या पृष्ठभागाला अजिबात नाही. तिथे मेण गेलं की फुंकर फाटते. फटीत १ मिलिमीटरची पोलादी पट्टी सरकवून दबलेली बाजू उचलली, डावी बाजू अंगठ्याने त्याच पट्टीवर बसवली. शेवटी पात्याची धार फटीच्या मध्याच्या जरा खाली आणली.

डी फुटायचा थांबला. वरच्या सप्तकातला बी मात्र अजून जोर मागतो, आणि तो मागणारच: खिडकी मूळ लांबीवर आली की खालचे सूर भरतात, वरच्यांना फुंकर जास्त लागते.

गार खोलीत ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) ए हा सूर थोडा उतरलेला दिसला. भोकांना कानस लावली नाही. हवा एक अंश तापली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणून शिट्टी तळहातात गरम करून पुन्हा तपासली. ए जागेवर होता. ठोकळा पक्का बसवलेल्या शिट्टीत तोंड सरकवून सूर जुळवता येत नाही, तेव्हा वाजवण्याआधी ती अशीच ऊबेला आणावी लागते.