पंखा बंद केला की मॉनिटर काळा होतो

तक्रार साधारण अशी असते. पंख्याचं बटण बंद केलं की मॉनिटर काळा पडतो आणि दोन-तीन सेकंदांनी ‘नो सिग्नल’ दाखवून परत येतो. कुणाकडे पंख्याऐवजी जुनी ट्यूबलाइट असते, कुणाकडे फ्रिज, कुणाकडे टाकीत पाणी चढवणारी मोटर. कॉम्प्युटर दुकानात नेला तर तिथे आठवडाभर काही होत नाही, कारण तो पंखा दुकानात नसतो. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, विंडोज फॉरमॅट करणं आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड बदलणं, या क्रमाने पैसे जातात. यातल्या कशानेही हा दोष जात नाही.

काही विकत घेण्याआधी नेमकं काय बंद पडतंय ते बघा. एक गाणं लावून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला पंख्याचं बटण दहा-वीस वेळा चालू-बंद करायला सांगा. गाणं अखंड चालू राहिलं आणि फक्त चित्र गेलं, तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तुटतोय तो कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यामधला सिग्नल. मशीनच रीस्टार्ट झालं तर प्रश्न पॉवर सप्लायचा आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिमच्या नोंदीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडेल. तिसऱ्या प्रकारात चित्र गोठतं आणि थोड्या वेळाने परत येतं, नोंद ४१०१ क्रमांकाची असते. ग्राफिक्स कार्डाने सुमारे दोन सेकंद उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर नव्याने उठवला, असा तिचा अर्थ. पंखा, ट्यूबलाइट वगैरेंमुळे होणाऱ्या तक्रारी बहुतेक पहिल्या प्रकारातल्याच असतात.

दोन मॉनिटर असतील तर आणखी एक खूण मिळते. चित्र परत आल्यावर सगळ्या खिडक्या दुसऱ्या मॉनिटरवर जाऊन बसल्या असतील, तर कॉम्प्युटरला खरोखर वाटलं की कुणीतरी केबल उपटली. एचडीएमआय केबलमध्ये १९ नंबरची पिन याच कामासाठी असते. पलीकडे मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे तिच्यावरच्या व्होल्टेजवरून कळतं, आणि ते क्षणभर घसरलं तरी कॉम्प्युटर फसतो. खिडक्या जागच्या जागी राहिल्या असतील, तर मॉनिटरचा फक्त ताल चुकला आणि त्याने तो पुन्हा जुळवून घेतला.

बटण चालू करताना हे कमी आणि बंद करताना जास्त का होतं? पंख्याची वाइंडिंग किंवा ट्यूबचा तांब्याचा चोक ही दोन्ही कॉइलच. वाहता करंट अचानक तोडला की कॉइल तो तसाच चालू ठेवू पाहते, आणि त्यासाठी बटणाच्या उघडत्या पट्ट्यांमध्ये ठिणगी पाडते. ठिणगी विझते, व्होल्टेज पुन्हा चढतं, पुन्हा ठिणगी. पट्ट्या पुरेशा लांब जाईपर्यंत हे अनेकदा घडतं, आणि प्रत्येक ठिणगीचा धक्का काही नॅनोसेकंदांत चढतो. एवढ्या वेगाने बदलणारा करंट भिंतीतल्या वायरला चक्क अँटेना बनवतो. उपकरणं या माऱ्यासमोर तग धरतात का, हे तपासण्यासाठी आयईसी ६१०००-४-४ नावाचं मानकच आहे.

आता केबलच्या बाजूने बघा. १०८० पिक्सेल, ६० हर्ट्झला एचडीएमआयमधल्या तारांच्या एकेका जोडीतून सेकंदाला १४८.५ कोटी बिट जातात. फोर-के, ६० हर्ट्झला हा आकडा ५९४ कोटींवर जातो. म्हणजे एका मायक्रोसेकंदाचा गोंधळ जवळजवळ सहा हजार बिट खाऊन टाकतो. थोडे बिट गेले तर पडद्यावर ठिपके चमकतात, फार गेले तर मॉनिटर हात टेकतो.

यातूनच फुकटची एक चाचणी निघते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन फोर-केचं १०८० करा, किंवा ६० हर्ट्झचं ३० करा, आणि पुन्हा बटण दाबून बघा. काळं होणं थांबलं, तर केबल काठावर चालली होती आणि ठिणगी फक्त तिला ढकलून देत होती. अशा वेळी नवी केबल हाच पहिला खर्च, आणि बऱ्याचदा शेवटचाही.

केबल घेताना सोन्याचा मुलामा, जाळीदार वेणी असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करा. ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लिहिलेलं, स्कॅन करता येणारं लेबल हवं. या दोन्ही दर्जांच्या चाचणीत केबलमधून बाहेर झिरपणारे रेडिओ तरंगही मोजतात. जे कवच आतलं बाहेर जाऊ देत नाही, ते बाहेरचंही आत येऊ देत नाही. लांबी लागेल तेवढीच. दीड मीटरचं काम असताना पाच मीटरची गुंडाळी टेबलामागे, त्यातही एक्स्टेन्शन बोर्डाला चिकटून ठेवणं म्हणजे हौसेने अँटेना लावणं. मधले कन्व्हर्टर, स्प्लिटर, जोडाला जोड हेही आधी काढा. फारच लांब केबल लागत असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय मिळते. तिच्यात चित्राचा वेगवान भाग काचेच्या तंतूतून जातो, पण पिन १९ आणि इतर सावकाश तारा बहुधा तांब्याच्याच राहतात. म्हणजे तीही पूर्ण कवचकुंडलं नव्हेत.

केबल बदलूनही फरक पडला नाही, तर त्रास हवेतून येतोय की वायरिंगमधून, हे ठरवावं लागतं. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा आणि मॉनिटरची पिन वेगळ्या सर्किटवरच्या, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवर लावा. डेस्कटॉप असेल तर कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर घेऊन यूपीएसची पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करू नका. आपल्याकडचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि गडबड त्यांच्यावरूनही येते. पिन काढल्यावर अर्थिंगही सुटतं, म्हणून ही चाचणी दोन-तीन मिनिटांत उरका. ब्रॉडबँडची लॅन वायर आणि सेट-टॉप बॉक्सची केबलही त्या वेळी काढून ठेवा. लोक त्यांना विसरतात, पण इमारतीभर फिरून आलेली तांब्याची तार ही उत्तम वाट असते. एवढं सगळं तोडूनही मॉनिटर काळा होत असेल तर त्रास हवेतूनच येतोय: टेबल त्या बोर्डापासून दूर सरकवा, केबलचा मार्ग बदला. थांबलं, तर वाट वायरिंगची.

वायरिंग म्हटलं की अर्थिंगच्या मागे लागा. जुन्या घरात पॉइंट तीन पिनचा दिसतो, पण आत अर्थची वायरच नसते, किंवा कुणीतरी वाटेत टू-पिनचा जोड लावलेला असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ती हीच निशाणी. पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसली की बॉडी त्या दोघांच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. मॉनिटरला अर्थ आहे आणि कॉम्प्युटरला नाही, असं असेल तर गडबडीचा करंट दोघांमधल्या एकमेव वाटेने, म्हणजे एचडीएमआयच्या कवचावरून धावतो.

मल्टिमीटर एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्ट रेंजवर ठेवून पॉइंट मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस किंवा जास्त दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. मीटरला अर्धवट अर्थिंगही चांगलं दिसू शकतं, म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतो. बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडेल, आणि तोही अर्थ जिवंत असल्याचाच पुरावा. एका बाबतीत मात्र वायरमनला ठाम नकार द्या: पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणण्याला. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील.

आता मूळ ठिणगीकडे. तांब्याचा चोक आणि स्टार्टर असलेली ट्यूबलाइट असेल तर ती काढून एलईडी ट्यूब लावणं सर्वात सोपं. तोवर निदान स्टार्टर बदला. त्या डबीत काचेच्या बल्बशेजारी एक छोटा कपॅसिटर असतो, तो रेडिओतली खरखर दाबण्यासाठीच बसवलेला आहे. तो जळला तरी ट्यूब पेटतच राहते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

पंख्यासाठी आधी बटण बदलून बघा. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या बटणाच्या पट्ट्या जळून खडबडीत झालेल्या असतात आणि ठिणगी लांबते. त्याने भागलं नाही तर स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारी जोडी: ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहम, एक वॅटचा रेझिस्टर, एकामागे एक जोडलेले. कपॅसिटर एक्स२, म्हणजे थेट मेनच्या विजेवर लावण्याच्या दर्जाचाच हवा, अंगावर २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी छापलेला. साधा कपॅसिटर शॉर्ट होऊन पेटू शकतो, आणि पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडवाला इथे चालत नाही. ही जोडी बटणाच्या बाहेर जाणाऱ्या टोकापासून न्यूट्रलला लावायची, म्हणजे बटणानंतर पण रेग्युलेटरच्या अलीकडे. त्याच बोर्डात प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथेच मिळतो. काही जण तीच जोडी बटणाच्या दोन टोकांना लावतात. मग बटण बंद असतानाही साधारण सात मिलिअँपिअर वाहत राहतात, आणि त्या बटणावर एलईडी दिवा असेल तर तो रात्रभर मिणमिणतो. मेन स्विच पाडल्याशिवाय यातलं काही करू नका. बीएलडीसी, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या कमी विजेच्या पंख्याला याची गरज नाही.

मिक्सर आणि ड्रिलची जात वेगळी. त्यांच्यात कार्बन ब्रश आणि त्यांना घासत फिरणारा तांब्याचा कम्युटेटर यांच्यात चालू असेपर्यंत ठिणग्या पडतच असतात. मिक्सरच्या झरोक्यातून निळसर प्रकाश फार दिसत असेल तर ब्रश झिजलेत, ते बदला.

फेराइट क्लिप, म्हणजे केबलवर चिमट्यासारखी बसणारी काळी दंडगोल, स्वस्त आहे आणि उपयोगी आहे, पण नीट लावली तर. एकदाच आरपार गेलेल्या वायरपेक्षा तीन फेरे घेतलेल्या वायरला नऊपट अडथळा मिळतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मॉनिटरच्या पॉवर वायरला तीन फेरे सहज बसतात, तेवढ्या मोठ्या भोकाची क्लिप घ्या. एचडीएमआय जाड असते, तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिप ओळीने लावा. चित्राच्या सिग्नलला धक्का लागत नाही, कारण जोडीतल्या दोन तारांचे करंट उलटसुलट असल्याने फेराइटला ते दिसतच नाहीत.

स्पाइक गार्डवर मात्र विसंबू नका. त्यातला एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणारा २७५ व्होल्टचा भाग, विजेच्या मोठ्या उसळीसाठी असतो आणि पाच-सातशे व्होल्टच्या पुढे खऱ्या अर्थाने कामाला लागतो. आपल्या ठिणगीचा धक्का त्याच्या उंबऱ्याखालून निघून जातो. साधा ६०० व्हीएचा यूपीएसही लाइट असताना समोरची वीज जवळजवळ तशीच पुढे देतो.

पाण्याची मोटर सुरू होताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल, तर तो वेगळा दोष. मोटर सुरुवातीला चालू करंटच्या पाच-सहापट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज बसतं. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, पूर्ण लोडवर विजेविना १६-१७ मिलिसेकंद कळ काढतो, ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. कपॅसिटर सुकलेला जुना सप्लाय तेवढंही टिकत नाही. तो बदला आणि मोटरची वायर मीटरपासून वेगळी ओढून घ्या. लाइट जाताना रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा, दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला तो जास्त वेळ घेतो.

आणि एवढं करूनही कोणत्याच बटणाशी मेळ बसत नसेल, तर खुर्चीकडे बघा. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसता स्थिर विजेचा असाच तरंग निघतो आणि व्हिडिओ केबल तो पकडते, हे यूएसबीवरून मॉनिटर जोडण्याचं तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीने आपल्या मदत पानावर नोंदवलं आहे. थंडीतल्या कोरड्या हवेत हे वाढतं, पावसाळ्यात बहुतेक गायब होतं. दोन दिवस लाकडी खुर्ची वापरून बघितली की कळतं.