फ्री केलेली मेमरी जाते कुठे?

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुलं विचारतात, ऑफिसातले मुरलेले सहकारीही विचारतात: "फ्री केलं, तरी टॉपमध्ये मेमरीचा आकडा खाली का येत नाही? लीक आहे का?" (टॉप म्हणजे लिनक्सवर कुठल्या प्रोग्रामने किती मेमरी व्यापली ते दाखवणारी कमांड; लीक म्हणजे घेतलेली मेमरी परत करायची राहून जाणं.) परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

बहुतेक वेळा लीक नसतं. प्रोग्रामला मेमरी देणारं फंक्शन मॅलॉक हा किरकोळ दुकानदार आहे, ती परत घेणारं फंक्शन फ्री, आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे मार्केट यार्ड. लिनक्सच्या यार्डात सहसा 4096 बाइटच्या पेजखाली, म्हणजे मेमरीच्या एका ठरलेल्या पोत्याखाली, व्यवहार नाही. मॅलॉक तिथून पोती उचलतो आणि तुम्हाला पुड्या बांधून देतो. फ्री केलेली पुडी दुकानात परत येते. दुकानदार ती यार्डात कशाला नेईल? दुसरं गिऱ्हाईक येईल म्हणून फळीवर ठेवतो.

पुड्यांची मापंही त्याची ठरलेली. 64-बिट लिनक्सवर जीलिबसीकडे (ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी, मॅलॉक तिच्यातलाच) 24 बाइट मागा, 32 खर्ची पडतात. 25 मागितले की थेट 48.

एकदा मात्र मीही फसलो. रात्रभर चालणारा प्रोग्राम होता. फाइल वाचायची, दोनेक केबीच्या लाखभर नोंदी करायच्या, काम झालं की सगळ्या फ्री. लीक शोधणारं साधन व्हॅलग्रिंड म्हणे, काही गळत नाही. आकडा मात्र ढिम्म. दोन दिवस मी स्वतःच्याच कोडवर संशय घेत बसलो. हीप, म्हणजे मॅलॉक ज्यातून पुड्या बांधतो तो मेमरीचा पट्टा, खालून वर वाढतो आणि फ्री त्याची हद्द फक्त वरच्या टोकाकडूनच मागे घेतं. त्या टोकावर काय बसलं होतं? सगळ्यात शेवटी तयार झालेली, प्रोग्राम संपेपर्यंत जपलेली एक स्टेटसची ओळ. चाळीसेक बाइट! बोळाच्या तोंडाशी कुणीतरी स्कूटर लावून गेलं होतं. ती ओळ सुरुवातीलाच तयार केली आणि आकडा उतरला. (मोकळी मेमरी कर्नलला परत करणाऱ्या मॅलॉक-ट्रिम फंक्शननेही काम झालं असतं, ते मला नंतर सुचलं.)

तुम्ही एक प्रयोग करा. 10 एमबी मागा, मेमसेटने (प्रत्येक बाइटमध्ये एकच किंमत लिहिणारं फंक्शन) भरा, फ्री करा, आकडा पाहा. मग हेच पुन्हा करा. पहिल्यांदा आकडा पडेल, दुसऱ्यांदा नाही. 128 केबीपासून पुढचा तुकडा जीलिबसी एममॅपने थेट कर्नलकडून आणते आणि फ्री होताच परत करते. पण असा तुकडा एकदा परत केला की ती आपला उंबरठा त्याच्या मापाएवढा वर सरकवते, म्हणून पुढचे 10 एमबी हीपमधून येतात आणि तिथेच राहतात.

मेमसेट मात्र विसरू नका, नाहीतर आकडा मुळात चढणारच नाही. मॅलॉकने दिलेला नवा पत्ता म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. माणूस येऊन बसेपर्यंत कर्नल खरं पेज देत नाही.