गटात नुसतं बोलून काय होतं?

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असा गंभीर मानसिक आजार असल्याचं निदान झालं की ओळखीतले लोक मला फोन करतात. माझा धाकटा भाऊ शुभार्थी आहे आणि मी त्याची शुभंकर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (मानसिक आजाराला तोंड देणारा तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा शुभंकर, असं आमच्यात म्हणतात.) डॉक्टर कोण चांगले, गोळ्या किती वर्षं, लग्नाचं काय, असं सगळं विचारून झालं की मी स्वमदत गटाचा, म्हणजे अशा घरांतली माणसं एकत्र बसून एकमेकांना अनुभव सांगतात त्या बैठकांचा विषय काढते. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, गटात नुसतं बोलून काय होतं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गटामुळे आजार जात नाही, हे आधी सांगते. औषधोपचार डॉक्टरांचेच. "गोळ्या बंद करून बघा" असं एखाद्या गटात कुणी सांगायला लागलं तर तिथून सरळ उठून या. पण ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला तुमच्यासाठी काही मिनिटंच येतात. झोप, भूक, गोळ्या, पुढची तारीख, संपलं. बाकीचा महिना घरच्यांनी काढायचा असतो. शुभार्थी आठवडाभर आंघोळ करत नाही, रात्री येरझाऱ्या घालतो, शेजारचे पाळत ठेवतात म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसतो. त्या वेळी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, हे ज्यांनी त्यातून दिवस काढलेत तेच सांगू शकतात.

एक प्रसंग सांगते, त्या बाईंना विचारूनच, कारण गटातलं बोलणं गटाबाहेर जात नाही. त्यांच्या मुलाला आवाज ऐकू यायचे. "बाहेर माझ्याबद्दल बोलतायत," तो म्हणायचा. "कुणी नाहीये, उगाच काहीतरी मनात आणू नकोस," आई म्हणायची. रोज यावरून खडाजंगी. समोर एक निवृत्त काका बसले होते, त्यांची मुलगी बरीच वर्षं आजारी आहे. ते म्हणाले, "वहिनी, वाद घालू नका आणि हो ला होही करू नका. म्हणा, मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय आणि त्रास होतोय हे मला कळतंय. आणि चहा टाका." पुढच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "आवाज थांबले नाहीत हो. पण काल तो चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला." खोलीत कितीतरी जणांनी डोळे पुसले. कारण आपलं माणूस आपणहून जवळ येऊन बसणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे केवळ मन हलकं करणं नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढच्या अभ्यासांत कारण सापडत गेलं. सततची टीका, राग किंवा श्वासही घेऊ न देणारी काळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि घरच्यांना आजार नीट समजावून दिला, बोलण्यातला ताण कमी केला की ते खाली येत होतं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा नाही. कुणी आईला तसं सुनावलं की मला संताप येतो. अर्थ एवढाच, की घरच्यांनाही शिकवायला, सावरायला कुणीतरी लागतं. आपल्याकडे त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला बोलावलं आणि उपचारांत सामील करून घेतलं. पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ('सा') ही संस्था सुरू झाली तीही एका शुभंकरामुळेच. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता.

गटाचा दुसरा उपयोग अगदी व्यवहारातला आहे, आणि तो मला तितकाच मोलाचा वाटतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार ही मान्य दिव्यांगता आहे, हेच कितीतरी घरांना माहीत नसतं. प्रमाणपत्रासाठी तपासणी होते तेव्हा चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती काळ आहे याचेही गुण धरतात, आणि दिव्यांगता ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरली तर सवलतींचा मार्ग खुला होतो. होतं काय, की त्या दिवशी आई मुलाला घासूनपुसून, इस्त्रीचा शर्ट घालून नेते आणि डॉक्टरांनी काहीही विचारलं की लाजेपोटी म्हणते, "तसा ठीक आहे हो, करतो सगळं." प्रमाणपत्र हुकतं. गटातली जुनी मंडळी आधीच बजावतात, नेहमीचा दिवस जसा असतो तसाच सांगा, वाढवू नका आणि झाकूही नका, जुने सगळे केसपेपर सोबत ठेवा. आरोग्यविमा मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच मिळाला पाहिजे, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, हेही मला गटातच कळलं.

आणि "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न. याला गटाकडेही तयार उत्तर नाही. समाजात राहण्याचा हक्क २०१७च्या त्याच कायद्याने दिलाय. घरी राहणं शक्य नसेल तर निवाऱ्याच्या सोयी सरकारने करायच्या असंही त्यात लिहिलंय. तशा परवडणाऱ्या, विश्वासाच्या जागा फारच थोड्या आहेत आणि सत्तरी उलटलेले आईबाप चौकशा करत फिरतात, हे मला अजिबात मान्य नाही. पण गटात निदान मृत्युपत्र, बँकेचं खातं, भावंडांशी बोलणं हे विषय वेळेवर निघतात. माझ्या आईबाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून हे बोलणं केलं ते गटात जायला लागल्यावरच. भावाला स्वतःला काय हवंय, हे तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. त्याला आमच्या घरात राहायचं नव्हतं, जवळपास वेगळी खोली हवी होती.

तर, जाऊन बघा. पुण्यात 'सा'मध्ये, ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेत चौकशी करा. बाकी ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समाजसेवकाला भेटा. रात्रीबेरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पहिल्या बैठकीत काही बोललात नाही तरी चालतं. शुभार्थी यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे या, बहुतेक जण पहिल्यांदा एकटेच येतात.