वाफ वाचवायला बंद केलेला व्हॉल्व्ह

मी चिपळूणचाच, पण सात सीझन काढले घाटावर एका साखर कारखान्यात, बॉयलिंग हाऊसला, म्हणजे जिथं उसाचा रस आटवतात तिथं. मग गावी परत आलो आणि खेड-चिपळूणच्या मधल्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागलो. इथं ऊस नाही की रस नाही, पण इव्हॅपोरेटर आहे, खारट सांडपाणी आटवायला तीन बॉडीचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन बंद भांड्यांचा सेट. सगळे त्याला एमईई (मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर) म्हणतात, माझ्या तोंडात अजून बॉडीच बसलंय.

काम तेच. पहिल्या बॉडीला बॉयलरची वाफ, तिथं उकळून निघालेली वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला, शेवटी वाफ गार करून पाणी करणारा कंडेन्सर आणि व्हॅक्यूम. नॉर्बर्ट रिलियू नावाच्या माणसाने हे साखरेसाठीच काढलं, अमेरिकेत, पेटंट 1843 चं. तीन बॉडीत एक किलो वाफेवर कागदावर तीन किलो पाणी उडतं, आमचं प्रत्यक्षात अडीचच्या आसपास.

तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा, टाक्या काठोकाठ, पाऊस कधीही येईल आणि त्याआधी टाक्या रिकाम्या व्हायलाच हव्यात, आणि नेमका सेट बसला. बॉयलरचं जळण, ब्रिकेट, जास्त जळतायत, पाणी कमी उडतंय, अडीचाचं दोनवर आलं. आधी सगळ्यांनी कंडेन्सरचं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरवर ढकललं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं, घाटावर जानेवारीत पाणी कसं गार यायचं, इथं मे महिन्यात हवाच एवढी ओली की टॉवर बिचारा किती गार करणार. पण टॉवर काय एका आठवड्यात बिघडला? मग म्हणे ट्यूबला स्केल, म्हणजे क्षाराचा थर बसलंय. दोन दिवस सेट बंद ठेवून जेटिंग केलं, पाण्याच्या जोरदार माऱ्यानं धुतलं, ट्यूब चकाचक, रिझल्ट तोच. वरून कोणीतरी चौथी बॉडी घ्यायचं कोटेशन पण मागवून ठेवलं!

त्या दिवशी दुपारी जेवण सोडून मी दुसऱ्या बॉडीखाली उभा राहिलो. कॅलेंड्रियाच्या (बॉडीतला ट्यूबचा भाग, ट्यूबच्या बाहेरून वाफ फिरते) वाफेच्या बाजूचा गेज व्हॅक्यूम दाखवत होता 235 मिलिमीटर. स्टीम टेबल काढलं, कुठल्या दाबाला वाफ किती गरम ते सांगणारा तक्ता (जुनं, साखरेच्या डागांचं, अजून बॅगेत असतं), एवढ्या दाबाला वाफ 90 डिग्रीला हवी. थर्मामीटर 85. दोन्ही बदलून बघितले, तेच. म्हणजे आत नुसती वाफ नव्हतीच, हवा साठली होती. दाबात हवेचा वाटा, पण ट्यूबला उष्णता देणार फक्त वाफ, आणि हवेचा थर ट्यूबवर गोधडीसारखा पांघरलेला.

हवा बाहेर काढायला कंडेन्सरकडं जाणारी छोटी व्हेंट लाइन असते, कारखान्यात आम्ही तिला नॉक्सिअसची, म्हणजे नको असलेल्या वायूंची लाइन म्हणायचो. हात लावला तर गार. वर चढलो तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद, वर तारेनं बांधलेला.

नाइट शिफ्टच्या पोराला बोलावलं. तो लगेच म्हणाला, "साहेब, मीच बांधलाय. लाइन भाजत होती, म्हटलं वाफ फुकट चाललीये कंडेन्सरला. तुम्हीच बोलला होता ना, वाफ वाचवा म्हणून." आणि खरंच बोललो होतो, बोर्डावर लिहून पण ठेवलेलं. पहिल्या दिवशी व्हॅक्यूम थोडं सुधारलं होतं म्हणे, त्यामुळं त्याला वाटलं बरोबर केलं. काय ओरडणार त्याला!

व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, थर्मामीटर 89 वर येईपर्यंत, तिथंच ठेवला. पूर्ण उघडला असता तर वाफच गेली असती, ते पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तासाभरात तिसऱ्या बॉडीतून घट्ट पाणी यायला लागलं. मग हवा आत येते कुठून ते शोधलं. कारखान्यात आम्ही उदबत्तीचा धूर धरायचो, धूर जिकडं ओढला जाईल तिकडं लीक, पण इथं सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये उदबत्ती म्हणजे घरी पाठवतील, म्हणून दुकानातून शेव्हिंग फोम आणला. मॅनहोलच्या गॅस्केटवर लावला तसा गपकन आत.

संध्याकाळी फिटर काकांनी तार तोडली, व्हॉल्व्ह खोलला आणि गेटला, म्हणजे आतल्या झडपेला, 3 मिलिमीटरचं भोक पाडून परत बसवला. खाली उतरून पोराला म्हणाले, "घे रे, आता कितीपण आवळ, बंद व्हायचा नाय."